ऐंशीच्या पुढे गाडी का थरथरते?

शहरात गाडी चालवताना काही जाणवत नाही. टोलनाका मागे पडतो, रस्ता मोकळा होतो, काटा ८०च्या पुढं सरकतो आणि स्टेअरिंग हातात थरथरू लागतं. ९०ला थरथर वाढते. ११०ला कधीकधी ती चक्क कमी होते आणि चालवणाऱ्याला वाटतं, चला, गेली एकदाची. परतीच्या प्रवासात ती पुन्हा त्याच वेगाला हजर असते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा सलग तासभर १००च्या आसपास गाडी चालवणं ही आपल्याकडे नवलाई होती. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासून मुंबईजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर १२०च्या मर्यादेत गाडी नेता येऊ लागली. चाकातला जो दोष ६०ला कधी कळलाच नसता, तो अशा रस्त्यावर पहिल्या दहा मिनिटांत कळतो. आणि याच वेगाला तो अंगावर काढणं सगळ्यात धोक्याचं असतं.

अशा वेळी बहुतेक जण गॅरेजमध्ये जाऊन एवढंच सांगतात, ‘गाडी व्हायब्रेट होते, बघा जरा.’ मग अंदाजानं कामं सुरू होतात. आधी अलाइनमेंट, मग लिंक रॉड, मग बुश, मग शॉकअप. बिल वाढत जातं आणि थरथर तशीच राहते. हे टाळता येतं. थरथर कोणत्या वेगाला येते, शरीराला कुठं जाणवते आणि त्या क्षणी तुमचा पाय काय करत होता, एवढ्या तीन गोष्टी नीट टिपल्या तर दोष गाडीच्या कोणत्या भागात आहे हे बहुतेक वेळा पाना हातात घेण्याआधीच कळतं. हा लेख ती टिपणं कशी करायची आणि त्यावरून पुढं कसं जायचं, यासाठी आहे.

आधी रस्ता वगळा

द्रुतगती मार्ग आणि समृद्धी, दोन्ही प्रामुख्यानं काँक्रीटचे. काँक्रीटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर, साधारण साडेचार मीटरवर, आडवे सांधे असतात आणि पकड मिळावी म्हणून पृष्ठभागावर बारीक खाचा पाडलेल्या असतात. १०० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला सहा सांधे ओलांडते. त्याची एक ठेक्यातली धडधड आणि एकसुरी घरघर गाडीत येतेच. ती गाडीची तक्रार नव्हे.

म्हणून पहिली खातरजमा सोपी आहे. काँक्रीट संपून डांबरी पट्टा लागला की त्याच वेगाला काय होतं ते बघा. डांबरावर थरथर गेली तर दोष रस्त्याचा. डांबरावरही तशीच राहिली तर पुढचं वाचा.

दुसरी गोष्ट, गाडी पंधरा-वीस दिवस एका जागी उभी होती का? उभ्या गाडीच्या वजनानं टायरचा खालचा भाग किंचित चपटा होतो. निघाल्यावर पहिले काही किलोमीटर थरथर जाणवते, टायर तापून पुन्हा गोल झाला की जाते. पंधरा-वीस किलोमीटरनंतरही ती तशीच असेल तर कारण वेगळं आहे.

वेग, जागा आणि पाय

सोबत कुणाला तरी बसवा आणि टिपणं त्यांना करू द्या. चालवणाऱ्यानं फक्त चालवावं. रस्ता सरळ, सपाट, वर्दळ कमी असलेला हवा. घाटात असल्या चाचण्या करू नयेत.

पहिली नोंद वेगाची. थरथर कितीला सुरू होते, कितीला सर्वाधिक असते, पुढं कमी होते का? ७०-८०ला सुरू होऊन ९०-१००च्या आसपास कळस गाठणारी आणि त्यापुढं सौम्य होणारी थरथर बहुधा चाकांच्या बॅलन्सिंगची असते. ३०-४०लाच गाडी हेलकावत असेल, स्टेअरिंग डावी-उजवीकडे डुलत असेल, तर टायर किंवा रिम आकारानं बिघडल्याचा संशय घ्यावा.

दुसरी नोंद जागेची. थरथर स्टेअरिंगला असेल तर बहुधा पुढची चाकं. स्टेअरिंग शांत आहे, पण सीट, पायाखालची जमीन, मागच्या सीटवर बसलेल्यांची पाठ थरथरते, तर मागची चाकं. सगळी गाडीच एका बारीक कंपानं भरून गेली असेल तर चाकांपलीकडे, इंजिन किंवा शाफ्टकडे पाहावं लागतं.

तिसरी नोंद पायाची. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना थरथर येते आणि सोडला की लगेच जाते का? फक्त ब्रेकवर पाय ठेवला की येते का? की पाय कुठंही असो, ती येतेच?

यात एक चौथी चाचणी जोडा. मॅन्युअल गाडीत ज्या वेगाला थरथर येते तो वेग कायम ठेवून पाचव्या गिअरवरून चौथ्यात या. गाडीचा वेग तोच राहिला, पण इंजिनाचे फेरे वाढले. थरथर जशीच्या तशी राहिली तर ती वेगाशी बांधलेली आहे, म्हणजे चाक, टायर, हब, ॲक्सल यांच्यापैकी कुणाची तरी. गिअर बदलताच ती बदलली किंवा गेली तर ती इंजिनाशी बांधलेली आहे. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड असेल तर हीच चाचणी तिथंही होते. चालत्या गाडीत इंजिन बंद करून बघण्याचा मोह मात्र कटाक्षानं टाळा. स्टेअरिंग जड होतं, लॉक होऊ शकतं, आणि ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात संपते.

बॅलन्सिंग, पहिला संशयित

गोफणीत दगड जितक्या जोरात फिरवावा तितका तो हाताला ओढतो. चाकाच्या एका बाजूला जास्त असलेलं थोडंसं वजन तेच करतं. १८५/६५ आर १५ मापाचं टायर घ्या. १०० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला सुमारे १४ फेरे मारतं. अशा चाकाच्या रिमच्या कडेला एका बाजूला अवघे २० ग्रॅम जास्त असले, तर प्रत्येक फेऱ्यात ते हबला सुमारे तीन किलोच्या जोरानं ओढतं, क्षणात वर, क्षणात खाली. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून ५०ला ती जेमतेम पाऊण किलो असते आणि शहरात कुणाला पत्ताही लागत नाही.

मग ११०ला थरथर कमी का होते? चाक, स्प्रिंग आणि त्यांच्याशी जोडलेले भाग यांना हलण्याची स्वतःची अशी एक लय असते. चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की कंप फोफावतो, पुढं निघून गेले की आवरतो. दोष गेलेला नसतो. त्या वेगाला बेअरिंग, टाय रॉड आणि शॉकअप तो मार खातच असतात.

बॅलन्सिंग बिघडतं कशानं? रिमला लावलेलं वजन निसटून पडल्यानं, टायर झिजल्यानं, पंक्चर काढताना टायर रिमवर सरकून बसल्यानं, पंक्चर बंद करणारं द्रव टायरमध्ये ओतल्यानं. आणि पावसाळ्यात एक फार साधं कारण असतं, चिखल. कोकणातून किंवा शेतरस्त्यानं येताना रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर बसतो, वाळतो आणि तिथंच घट्ट धरून राहतो. बाहेरून चाक चकचकीत दिसतं. गाडी धुणारा आत हात घालत नाही.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढच्या चाकाच्या मागं डोकावा, मोबाइलचा उजेड टाका. रिमच्या आतल्या कडेला मातीची ढेकळं दिसली तर लाकडी काडीनं सैल करा आणि पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानं चारही चाकं आतून धुवा. धुतल्यावर रिम नीट न्याहाळा. धूळ-काजळीनं काळवंडलेल्या पृष्ठभागावर मधेच एखादा बोटभर स्वच्छ चौकोन दिसला, त्यावर चिकटपट्टीचे अवशेष असले, तर तिथलं वजन गळून पडलंय. निदान झालं.

टायरवाल्याकडे उभं राहून काय बघायचं

आपल्याकडे ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ हा शब्द एका दमात उच्चारला जातो, त्यामुळं दोन्ही एकच काम आहे असा समज होतो. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेनं झिजतो. महामार्गावरची थरथर त्यानं सहसा येत नाही आणि अलाइनमेंटनं सहसा जातही नाही. थरथरीसाठी बॅलन्सिंग सांगा आणि चारही चाकांचं सांगा. पुढच्याच दोन चाकांवर भागवणारी दुकानं बरीच आहेत.

काम चालू असताना शेजारी उभं राहा. चाक मशीनवर चढवण्याआधी आतून साफ व्हायला हवं आणि जुनी वजनं काढायला हवीत. चाक मशीनच्या शाफ्टवर शंकूच्या आधारानं बरोबर मध्यावर बसलं पाहिजे. ते वाकडं बसलं तर मशीन जे आकडे दाखवेल ते चुकीचेच असतील. वजनं रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळी मोजली जातात. ती लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्हीकडे शून्य आलेलं स्वतः बघा. शंका असेल तर चाक मशीनवर सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. आकडा शून्याच्या आसपासच राहिला तर काम खरं. मोठा फरक आला तर चाक मध्यावर बसलेलंच नव्हतं.

साध्या कारच्या एका चाकाला ६०-७० ग्रॅमहून जास्त वजन लागत असेल तर वजनं चढवत बसू नये. टायर रिमवर फिरवून बसवून पाहायला सांगा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलकी बाजू दाखवतो. तो हवेच्या व्हॉल्व्हजवळ आणून बसवला की वजन कमी लागतं. तरीही आकडा खाली येत नसेल तर टायर किंवा रिम सदोष आहे.

गोल नसलेलं चाक

मशीनवर शून्य आलं, तरी थरथर राहिली. अशा वेळी बहुतेकदा चाक वजनानं समतोल असतं, पण आकारानं गोल नसतं. मशीनला चाक हवेत फिरताना दिसतं. रस्त्यावर त्याच्यावर गाडीचा भार असतो.

घरी बघायचं असेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून उटी लावा आणि मग जॅक लावा. गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नका. गाडीची स्टेपनी तेवढी बॉडीखाली सरकवून ठेवा. आता रिमच्या कडेजवळ एक पेचकस किंवा काडी विटेवर टेकवून स्थिर धरा आणि चाक हातानं हळूहळू फिरवा. काडी आणि रिम यांतली फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. एका ठिकाणी रिम काडीला टेकून दुसऱ्या ठिकाणी दोन-तीन मिलिमीटर दूर जात असेल, तर रिम वाकली आहे. तसंच टायरच्या नक्षीशी करून पाहा. टायर वर-खाली लाटेसारखा जात असेल तर आतले तंतू तुटलेले असू शकतात.

खड्ड्यांचा पहिला घाव रिमच्या आतल्या कडेवर पडतो, त्यामुळं बाहेरून बघून ‘रिम ठीक आहे’ म्हणू नये. लोखंडी रिम थोडी वाकलेली असेल तर ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा गेला असेल तर ती टाकून द्यावी. वेल्डिंग करून महामार्गावर नेऊ नये.

टायरच्या बाजूच्या भिंतीवरून हात फिरवा. कुठं फुगा आला असेल तर आतल्या दोऱ्या तुटून केवळ रबर हवा धरून आहे असा अर्थ. त्यावर दुरुस्ती नाही. तो टायर त्याच दिवशी काढायचा. नक्षीच्या खोबणीत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात, ती १.६ मिलिमीटर उंचीची खूण आहे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचं आयुष्य संपलं. टायरच्या भिंतीवर डीओटीनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांच्या टायरची जाणकाराकडून तपासणी करून घेतलेली बरी, कारण उन्हानं रबर कडक होऊन चिरतं.

हवा टायर थंड असताना तपासा. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर कंपनीनं दिलेला आकडा असतो, तोच प्रमाण. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि उन्हाळ्यातल्या काँक्रीटवर हे जिवावर बेतू शकतं.

बसवण्यातली चूक

स्टेपनी बदलल्यावर किंवा सर्व्हिसिंगनंतर थरथर सुरू झाली असेल तर आधी चाक बसवण्याकडे बघा. हब आणि रिम जिथं टेकतात तिथं गंजाची पापडी किंवा खडा अडकला तरी चाक किंचित तिरकं बसतं. दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ करावेत. नट समोरासमोरच्या क्रमानं, थोडे थोडे, सारखे घट्ट करावेत. हवेच्या गननं एकेक नट थेट शेवटपर्यंत आवळला की चाक एकीकडे दबतं आणि ब्रेकची डिस्कही ताणाखाली येते. लहान कारना साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टॉर्क पान्यानं तो लावून घ्या आणि ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

बाहेरून घेतलेल्या अलॉय व्हीलच्या मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही. अशा चाकाचं बॅलन्सिंग कितीही केलं तरी रस्त्यावर थरथर येते. त्यासाठी योग्य मापाची रिंग मिळते. ती बसवल्यावर चाक हबवर घट्ट मध्यावर बसतं.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची चाचणी

पुढची चाकं मागे आणि मागची पुढं लावा, नट नीट आवळा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगानं जा. आधी स्टेअरिंगला असलेली थरथर आता सीटखाली आली, तर दोष चाकाबरोबर गेला. म्हणजे टायर, रिम किंवा बॅलन्सिंग. थरथर स्टेअरिंगलाच राहिली तर चाकं निर्दोष आणि दोष पुढच्या हबमध्ये, डिस्कमध्ये किंवा ॲक्सलमध्ये. एका तासाच्या या कामानं अर्धी यादी पुसली जाते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळा, म्हणजे डावं चाक डावीकडेच पुढून मागे न्या. लहान आकाराची, ८०च्या मर्यादेची स्टेपनी या चाचणीसाठी वापरू नका.

फक्त ब्रेक दाबल्यावर

१००वरून हलका ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं आणि पेडलवरच्या पायाला ठोके बसतात, एरवी काही नाही. हे डिस्क प्लेटचं लक्षण आहे. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते किंवा ती हबवर तिरकी फिरत असते. पॅड प्रत्येक फेऱ्यात जाड भागावर अडखळतं. डिस्क काढून हबचा गंज साफ करून पुन्हा बसवल्यावर कधी कधी एवढ्यानंच काम होतं. नाही तर ती लेथवर फेस करता येते, पण डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क फेस करू नये, दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीनं बदलाव्यात.

निघताना गाडी ठीक, पाच-दहा किलोमीटरनंतर थरथर, सोबत जळका वास आणि गाडी एका बाजूला ओढते, असं असेल तर कॅलिपर जॅम झालाय. गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि चाकांजवळ तळहात नेऊन उष्णता अजमावा. धातूला हात लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांहून खूप तापलं असेल तर दोष तिथंच. अशी गाडी पुढं रेटू नये.

ॲक्सिलरेटर दिल्यावरच

पाय दाबून वेग वाढवताना, विशेषतः चढावर किंवा गाडी भरलेली असताना, पुढून कंप येतो आणि पाय सोडला की थांबतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे बहुतेक वेळा ॲक्सलच्या आतल्या जॉइंटचं लक्षण असतं. बाहेरचा जॉइंट झिजला तर तो वेगळी खूण देतो, पूर्ण वळण घेताना कट-कट आवाज. दोन्ही ठिकाणी रबरी बूट तपासा. बूट फाटून आजूबाजूला ग्रीस उडालेलं असेल तर आत धूळ-पाणी शिरलंय. वेळेत बूट आणि ग्रीस बदललं तर जॉइंट वाचतो.

बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा अशा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. तो चाकांच्या साधारण चौपट वेगानं फिरतो. त्यामुळं त्याच्या दोषाची थरथर जाड नसते, पायाखाली बारीक, गुणगुणल्यासारखी येते. त्याचे क्रॉस जॉइंट, मधलं बेअरिंग असल्यास ते आणि शाफ्टचं बॅलन्सिंग तपासून घ्यावं. क्रॉस बदलताना शाफ्टच्या दोन भागांवर आधी खुणा करून ते पुन्हा तसेच जोडायला सांगा. खुणा चुकल्या तर नवी थरथर विकत घेतली म्हणून समजा.

आवाज करणारं बेअरिंग, सैल सस्पेन्शन

वेगाबरोबर वाढणारा घूं-घूं आवाज आणि बारीक कंप हे हब बेअरिंगचं लक्षण. मोकळ्या रस्त्यावर हळुवार लेन बदला. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की खटका लागतो तो बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. डावी-उजवीकडे हलवून लागतो तो टाय रॉड एंडचा.

एक गोष्ट नीट समजून घ्या. सैल बॉल जॉइंट, फुटलेला लोअर आर्म बुश किंवा गळका शॉकअप स्वतःहून थरथर सहसा निर्माण करत नाही. चाकातला छोटा दोष तो मोठा करून तुमच्या हातापर्यंत पोहोचवतो. म्हणून गॅरेजनं सस्पेन्शन बदलायला सांगितलं तर आधी चाकांचं काम पूर्ण झालंय याची खात्री करा. सस्पेन्शनमध्ये खरोखर खटका असेल तर तो बदलाच, कारण तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्यानंतर अलाइनमेंट करायला विसरू नका.

गिअर बदलल्यावर बदलणारी, उभ्या गाडीतही तेवढ्याच फेऱ्यांवर जाणवणारी थरथर इंजिनाची. फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते फाटले असतील, किंवा पेट्रोल गाडीत एखादा स्पार्क प्लग वा इग्निशन कॉइल नीट काम करत नसेल. इंजिनाचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड बघून घ्या.

इथं थांबलंच पाहिजे

सगळ्याच थरथरींना वेळ देता येत नाही. प्रवासात अचानक सुरू झालेली आणि मिनिटामिनिटाला वाढणारी थरथर, चाकाकडून येणारा धप-धप किंवा खड-खड आवाज, गाडीचं एकाएकी ओढणं, जळकं रबर किंवा ब्रेकचा वास, यांपैकी काहीही जाणवलं तर पुढच्या फूड मॉलची वाट पाहू नका. टायरची नक्षी सुटत असू शकते किंवा चाकाचे नट निघत असू शकतात. जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या. थांबल्यावर हॅझार्ड लावा, सगळ्यांना संरक्षक कठड्यापलीकडे उभं करा, त्रिकोण मागं ठेवा. वर्दळीच्या बाजूचं चाक रस्त्यावर बसून बदलू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे, जिवाचा धोका असेल तर कुठूनही ११२.

गॅरेजमध्ये जाताना

हातात चार ओळींचा कागद असू द्या. ‘९०ला सुरू, १००ला सर्वाधिक, ११५ला कमी. स्टेअरिंगला जाणवते, सीटला नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरनं फरक पडत नाही. चौथ्या गिअरमध्येही तीच. मागच्या महिन्यात पुढचं डावं चाक खड्ड्यात आदळलं होतं.’ एवढं वाचल्यावर चांगला मिस्त्री थेट पुढच्या डाव्या चाकाकडे जाईल. मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारा, म्हणजे तुम्ही कशाला थरथर म्हणताय आणि तो कशाला, यात गोंधळ राहणार नाही.

कामांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. धुणं, हवा आणि नट, मग चारही चाकांचं बॅलन्सिंग, मग चाकांची अदलाबदल, मग टायर-रिमची तपासणी, त्यानंतर डिस्क, बेअरिंग, ॲक्सल आणि फाउंडेशन. एका वेळी एकच काम करा आणि प्रत्येक कामानंतर गाडी चालवून बघा. चार भाग एकदम बदलले की थरथर गेली तरी ती कशानं गेली हे कळत नाही, आणि गेली नाही तर काढलेले चांगले भाग परत मिळत नाहीत. एखादा भाग बदलायला सांगितला तर जुना भाग हातात मागा, त्यातला खटका किंवा चीर दाखवायला सांगा.

आणि काम झाल्यावर गॅरेजच्या गल्लीत चक्कर मारून समाधान मानू नका. थरथर ज्या वेगाला येत होती, त्या वेगाला जाता येईल अशा मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादा पाळून, मिस्त्रीला सोबत घेऊन गाडी चालवा. तिथं स्टेअरिंग शांत राहिलं की मगच बिल चुकतं करा.